हँडहेल्डवर गेम नीट चालवायचा तर आधी वॅटचा हिशेब मांडा

हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून गेम खेळायच्या छोट्या संगणकाबद्दल, प्रश्न असा: "सात इंची, १०८०पी, १२० हर्ट्झ स्क्रीनचा विंडोजवाला हँडहेल्ड घेतला. बॅटरी ४० वॅट-अवरची. मोठे ओपन-वर्ल्ड गेम हाय सेटिंगवर लावले की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) २५ ते ४० मध्ये हेलकावे खातात, आणि तेही चिपला जास्तीत जास्त वीज देणाऱ्या टर्बो मोडवर कायम ठेवून. पंखा घोंघावत राहतो, बॅटरी सव्वा तासात संपते. मित्राकडे व्हॉल्व्ह कंपनीचा असाच हँडहेल्ड, पहिला स्टीम डेक, आहे. त्याची चिप माझ्यापेक्षा कमी ताकदीची, तरी त्याचा गेम डोळ्यांना जास्त सुरळीत वाटतो. मी चुकीचं यंत्र घेतलं का? विकून टाकू, की यातच काही करता येईल?"

विकू नका. यंत्र चांगलं आहे, फक्त ते डेस्कटॉपसारखं चालवलं जातंय.

तुम्ही दिलेल्या आकड्यांतच अर्धं उत्तर आहे. ४० वॅट-अवरची बॅटरी सव्वा तासात संपते, म्हणजे यंत्र सरासरी ३२ वॅट खातंय. टर्बोवर अशा यंत्रांत चिपला साधारण २५ वॅट मिळतात. उरलेले सातेक वॅट स्क्रीन, मेमरी, एसएसडी, वायफाय आणि पंखा मिळून खातात. मी बरीच वर्षं ही यंत्रं वापरतोय, इतरांची लावून देतो, उघडून दुरुस्तही करतो, आणि दर वेळी सुरुवात याच भागाकाराने करतो. डेस्कटॉपवर आपण विचारतो, "माझ्या कार्डाला कुठवर झेपेल?" हँडहेल्डवर उलटं विचारायचं: "एवढ्या वॅटमध्ये मला काय काय हवंय?" प्रश्न फिरवला की पुढचे निर्णय सोपे होतात.

आधी टर्बोबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहे. चिपची फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज फ्रिक्वेन्सीच्या पटीत तर वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे पहिले दहा-पंधरा वॅट भरपूर काम करून देतात आणि त्यापुढचा प्रत्येक वॅट आधीच्यापेक्षा कमी देतो. १५ वरून २५ वॅटवर गेलात तर चिपचा खर्च दोन-तृतीयांशाने वाढतो, एफपीएस मात्र त्या प्रमाणात मुळीच वाढत नाहीत. स्वतः मोजून बघा. गेममध्ये एका जागी उभे राहा, ओव्हरले (गेमवरच एफपीएस, वॅट वगैरे दाखवणारी पट्टी) चालू ठेवा, आणि १०, १५, २० आणि २५ वॅटवर काय आकडे येतात ते कागदावर लिहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आकडे स्वतःच्या हाताने लिहिले की टर्बोचं बटण दाबायची सवय आपोआप सुटते. चिप १५ वर आणली की एकूण खर्च २२ वॅटच्या आसपास येतो, म्हणजे पावणेदोन तासांहून थोडं अधिक. पंखाही खाली येतो.

आता मित्राच्या डेकचं. तो सुरळीत का वाटतो याची तीन कारणं आहेत, आणि तिन्ही तुमच्या कामाची आहेत.

पहिलं कारण पिक्सेलचं. डेकची स्क्रीन १२८० × ८००, म्हणजे सुमारे १० लाख पिक्सेल. तुमची १९२० × १०८०, म्हणजे पावणे एकवीस लाख. तुमची चिप प्रत्येक फ्रेमला दुप्पट पिक्सेल रंगवतेय. तिची जास्तीची ताकद तिथेच खर्च होते.

दुसरं कारण फ्रेमच्या लयीचं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. एफपीएस हा आकडा जरा फसवा आहे, कारण डोळ्याला जाणवतो तो दोन फ्रेममधला वेळ. ३० एफपीएसला प्रत्येक फ्रेम ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० ला १६.७. या दोन्हींचा बरोबर मध्य २५ मिलिसेकंद, म्हणजे ४० एफपीएस. आकड्यात ४० हे ३० च्या जवळ दिसतं, पण वेळेत बघितलं तर ६० कडे जाणारा अर्धा रस्ता तिथे कापून झालेला असतो. पहिल्या डेकची स्क्रीन ४० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४० वेळा रिफ्रेश होण्यावर, आणता येते. तुमच्या मित्राने ४० ला मर्यादा लावलेली असणार, म्हणून प्रत्येक फ्रेम तेवढाच वेळ दिसते. तुमच्याकडे एक फ्रेम २५ मिलिसेकंदांत येते, पुढची ४० मध्ये, मग ३० मध्ये. सरासरीचा आकडा काहीही असो, सुरळीत त्याचाच गेम वाटणार. तुमच्या १२० हर्ट्झ स्क्रीनवर तर ४० चा हिशेब फारच छान बसतो: प्रत्येक फ्रेम बरोबर तीन रिफ्रेश टिकते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओएलईडी डेकवर स्क्रीन ९० हर्ट्झची आहे, तिथे ४५ ला मर्यादा लावली की प्रत्येक फ्रेम दोन रिफ्रेश टिकते.

तिसरं कारण शेडरचं. गेममधला प्रत्येक प्रकाश-परिणाम ग्राफिक्स चिपच्या भाषेत आणावा लागतो, आणि पीसीवर ते काम ज्याच्या त्याच्या यंत्रावर होतं. पहिल्यांदा स्फोट झाला की गेम क्षणभर अडखळतो, तो यामुळेच. डेकच्या बाबतीत सगळ्यांकडे तीच चिप असल्याने व्हॉल्व्ह आधीच तयार केलेले शेडर पाठवू शकते. तुमच्याकडे ते होत नाही, म्हणून गेम सुरुवातीला "शेडर तयार होत आहेत" असं म्हणाला तर चार्जर लावून, पूर्ण वेग देऊन ते संपू द्या. मध्येच "वगळा" दाबू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट केला की बहुतेक वेळा हे पुन्हा करावं लागतं, तेव्हा अपडेटनंतरच्या पहिल्या अर्ध्या तासावरून ड्रायव्हरला दोष देऊ नका.

तर क्रम असा ठेवा: आधी फ्रेमची मर्यादा ठरवा, मग सेटिंग, आणि वॅट सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

मोठ्या ओपन-वर्ल्ड गेमला ४० ची मर्यादा लावा. गेममध्येच तशी सोय असेल तर उत्तम, कारण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा उशीर सहसा तिथे कमी असतो. नसेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरमधून किंवा रिवाट्यूनरसारख्या प्रोग्रॅममधून लावा. मर्यादेने बॅटरी का वाचते तेही लक्षात घ्या. फ्रेम १९ मिलिसेकंदांत तयार झाली तर उरलेले ६ मिलिसेकंद चिप विसावते. मर्यादा नसेल तर ती तेवढ्या वेळात पुढच्या फ्रेमच्या मागे धावते, आणि ती फ्रेम तुम्हाला बहुधा जाणवतही नाही.

मग गेममधली सगळ्यात जड जागा शोधा. गर्दीचा चौक, दाट जंगल, पाऊस. सेटिंग तिथे उभं राहून लावायची, मोकळ्या माळावर नव्हे. ओव्हरलेमध्ये ग्राफिक्सचा टक्का बघा. तो ९५ च्या वर टेकलेला असेल तर अडचण ग्राफिक्सची आहे, आणि रिझोल्यूशन किंवा सावल्या कमी करून फरक पडेल. तो ६०-७० वरच घुटमळतोय आणि तरीही एफपीएस खाली आहेत, तर प्रोसेसर मागे पडतोय. अशा वेळी रिझोल्यूशन कितीही पाडा, चित्र तेवढं बिघडेल आणि वेग तोच राहील. तिथे माणसांची गर्दी, वाहनांची संख्या, किती लांबचं दिसावं हे पर्याय खाली आणायचे. रिझोल्यूशन पाडून पाडून चित्राचा चिखल केलेले आणि तरी वेग न मिळालेले कितीतरी हँडहेल्ड माझ्याकडे आलेत. ओव्हरलेकडे एकदा बघितलं असतं तर ते टळलं असतं.

ग्राफिक्सची अडचण असेल तेव्हा माझा क्रम ठरलेला आहे. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून प्रकाश-सावल्या रंगवणं) बंद, त्यावर चर्चाच नको. मग धुकं आणि ढगांचं सेटिंग, ज्याला गेममध्ये व्हॉल्युमेट्रिक म्हणतात, ते सगळ्यात खाली. सावल्या मध्यमवर किंवा त्याखाली. पाण्यातली प्रतिबिंबं कमी. सात इंचांवर हाय आणि मीडियम सावल्यांतला फरक शोधून काढावा लागतो, आणि खेळताना कोणी शोधत नाही. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं, मात्र खाली आणायची घाई करू नका. मेमरीत मावत असेल तोवर टेक्श्चरचा वेगावर फारसा भार पडत नाही, आणि ते पाडलं की भिंती, कपडे, चेहरे सगळं लगेच पुसट दिसतं. लोक सावल्या हाय ठेवून टेक्श्चर लो करतात. करायला हवं याच्या अगदी उलट.

मेमरीत मावतंय का, हा प्रश्न या यंत्रांत जरा वेगळा आहे. ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, एकाच साठ्यातून वाटणी होते. १६ जीबीच्या यंत्रात ग्राफिक्सला ८ जीबी राखून ठेवले तर विंडोज, लाँचर (गेमच्या दुकानाचं अ‍ॅप) आणि गेम मिळून ८ मध्ये कोंबले जातात, आणि मग गेम दर काही सेकंदांनी अडखळतो. माझ्या अनुभवात १६ जीबीवर ४ ते ६ राखून ठेवणं ठीक. टेक्श्चर उशिरा उमटतात, असं वाटलं तर ६ करा. सगळंच यंत्र जड झालं तर परत ४ वर या.

रिझोल्यूशनचं म्हणाल तर सरळ ७२०पी लावू नका. गेममध्ये एफएसआर २ किंवा ३, अथवा एक्सईएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देणाऱ्या सोयी) असेल तर गेम १०८०पीवरच ठेवून एफएसआर क्वालिटी निवडा. आतमध्ये गेम १२८० × ७२० लाच रंगवला जातो, म्हणजे काम सव्वादोन पटीने कमी होतं, पण मेन्यू, नकाशा आणि अक्षरं पूर्ण १०८०पीत येतात. छोट्या स्क्रीनवर अक्षरं वाचता येणं ही लहान गोष्ट नाही. परफॉर्मन्स मोडमध्ये आतलं चित्र ९६० × ५४० वर येतं. गवत, तारा, केस तिथे थरथरू लागतात, त्यामुळे मी तो शेवटचा पर्याय मानतो. गेममध्ये यातलं काहीच नसेल तर ड्रायव्हरमधलं किंवा स्टीमओएसमधलं (डेकची लिनक्सवर बेतलेली प्रणाली) साधं एफएसआर वापरता येतं, पण त्यासाठी गेमचं रिझोल्यूशन स्क्रीनपेक्षा कमी लावावं लागतं. पुष्कळ जण ते लावत नाहीत आणि "फरकच पडत नाही" म्हणतात. शिवाय ते एकेका फ्रेमवरच काम करतं, मागच्या फ्रेममधली माहिती वापरत नाही, म्हणून त्याच्याकडून गेममधल्या एफएसआरइतकी अपेक्षा ठेवू नका.

फ्रेम जनरेशन हे औषध सगळ्या रोगांवर नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घालायची तर पुढची खरी फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं, आणि तो उशीर हाताला जाणवतो. मूळ ५५-६० एफपीएस असताना ते चालून जातं. तुमच्या २५-३० वर लावलंत तर आकडा ५० दिसेल आणि हातात गेम चिकट लागेल.

सेटिंग बसली की मग वॅट. जड जागेवरच उभे राहा आणि चिपची मर्यादा एकेका वॅटने खाली आणत जा. ४० जिथे डळमळू लागतात त्याच्या एक-दोन वॅट वर थांबा. हाच त्या गेमचा आकडा. गेमनुसार वेगळं प्रोफाइल जतन करायची सोय बहुतेक यंत्रांत असते. ती वापरा, नाहीतर छोट्या गेमला मोठ्याचे वॅट लागू राहतात. द्विमितीय किंवा पाळीपाळीने खेळायचे गेम ५ ते ७ वॅटमध्ये आनंदाने चालतात. मग एकूण खर्च १२ वॅटच्या आसपास येतो आणि तीच ४० वॅट-अवरची बॅटरी सव्वातीन तास पुरते.

एवढ्या खाली आलात की स्क्रीन आणि वायफायचा खर्च डोळ्यात भरू लागतो. ३२ वॅटमध्ये स्क्रीनचा एक वॅट कुठल्या कुठे जातो, १२ मध्ये तो बारावा हिस्सा असतो. म्हणून छोट्या गेममध्ये ब्राइटनेस कमी करणं, स्क्रीन ६० हर्ट्झवर आणणं, नेट लागत नसेल तर विमान मोड लावणं यांनी खराच फरक पडतो. आणि म्हणूनच चिपचा खर्च निम्म्यावर आणला तरी वेळ दुप्पट होत नाही. १५ वॅटच्या आत मित्राचा डेक तुमच्या यंत्राला मागे टाकताना दिसला तर नवल वाटू देऊ नका. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या त्या यंत्राची चिप ४ ते १५ वॅटसाठीच आखलेली आहे. तुमच्या चिपमध्ये कोर जास्त असतील, तर त्यांना जागं ठेवायलाच थोडी जास्त वीज लागते. तुमची बाजू १५ च्या वर उजळते.

यातूनच एक कमी माहीत असलेला उपाय निघतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांना एकाच ताटातून वीज मिळते. प्रोसेसर अधूनमधून फ्रिक्वेन्सी उंच उडवतो, त्याला बूस्ट म्हणतात, आणि ती वीज ग्राफिक्सच्या वाट्यातून जाते. ग्राफिक्सवर अडलेल्या गेममध्ये बूस्ट बंद केला तर त्याच वॅटमध्ये एफपीएस थोडे वाढू शकतात आणि तापमान नक्की उतरतं. काही यंत्रांत त्याचं थेट बटण असतं. प्रोसेसरवर अडलेल्या गेममध्ये मात्र तो चालूच हवा. ओव्हरलेची सवय लावा म्हणतोय ती यासाठीच. त्याशिवाय हा निर्णय घेताच येत नाही.

विंडोजच्या साफसफाईबद्दल फार लिहीत नाही. यंत्रासोबत सुरू होणारे लाँचर बंद करा. चार दुकानांचे चार लाँचर मागे चालू असतात आणि प्रत्येक जण मेमरी धरून बसतो. मेमरी इंटिग्रिटी आणि व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म बंद केल्याने गेमचा वेग वाढू शकतो, हे मायक्रोसॉफ्टने स्वतः सांगितलंय. पण त्या सुरक्षेच्या गोष्टी आहेत. याच यंत्रावर बँकेची कामं करत असाल तर मी त्यांना हात लावणार नाही. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी करावी: पॉवरचं बटण दाबल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट व्हावं असं लावा. स्लीपमध्ये विंडोज आपल्या मनाने जागं होतं, अपडेट शोधतं, आणि बंद पिशवीत यंत्र तापत बसतं. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी रिकामी सापडते ती यामुळे. हायबरनेटमधून उठायला काही सेकंद जास्त लागतात, तेवढे द्यावेत.

स्टीमओएस टाकावं का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात असणारच. स्लीप आणि जागं होणं, फ्रेम मर्यादा, गेमनुसार प्रोफाइल या बाबतींत ते खरोखर सुखाचं आहे. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन २०१८ पासून सुधारत आलाय आणि एकट्याने खेळायच्या गेमला सहसा अडचण येत नाही. अडतं ते स्पर्धात्मक ऑनलाइन गेमपाशी, कारण त्यांचं फसवणूक-रोधक सॉफ्टवेअर लिनक्सला परवानगी देईलच असं नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट तिथे चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालायचा, २०२४ मध्ये तेही बंद झालं. तुमच्या मित्रमंडळीचा रोजचा गेम यांपैकी असेल तर विंडोजवरच राहा. नसेल, तर तुमच्या मॉडेलचा पंखा, जायरो (यंत्र फिरवलेलं ओळखणारा सेन्सर), मागची बटणं तिथे चालतात का ते आधी पक्कं करा. आणि परतीचा रस्ता म्हणून विंडोजची रिकव्हरी ड्राइव्ह आधी बनवून ठेवा.

चार्जरच्या बाबतीत एक बारकावा बऱ्याच जणांना नडतो. तुमच्या यंत्राला ६५ वॅटचा चार्जर लागत असेल तर तो २० व्होल्टला ३.२५ अँपिअर देतो. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वाहते, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅट. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. चार्जर बरोबर, केबल फोनची, आणि मग यंत्र पूर्ण वेग देत नाही, असं हटकून होतं. डेकला ४५ वॅट, म्हणजे १५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात, त्यामुळे तिथे साधी चांगली केबल चालते. पॉवर बँक घेताना एमएएच बघू नका, वॅट-अवर बघा. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-अवर, आणि व्होल्टेज बदलताना त्यातले काही वाया जातात. तुमची ४० ची बॅटरी त्यातून दीडेक वेळा भरेल. विमानप्रवासात नेहमीची मर्यादा १०० वॅट-अवरची असते.

बॅटरीचं आयुष्य उष्णतेने आणि सतत १०० टक्क्यांवर राहण्याने घटतं. घरी चार्जर लावूनच खेळत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावून टाका. बाहेर जायच्या आदल्या रात्री तेवढी काढायची. खेळताना यंत्र उशी-गादीवर टेकवू नका. हवा मागच्या बाजूने आत जाते आणि वरून बाहेर पडते.

मेमरी कार्डावरून गेम चालतात, पण बहुतेक स्लॉट सेकंदाला १०० एमबीच्या आसपासच वाचतात. लोड व्हायला वेळ लागतो, एकदा सुरू झालं की एफपीएस सहसा तेच. अपवाद तुमचेच ओपन-वर्ल्ड गेम: वेगात धावताना पुढचं जग कार्डावरून वेळेत येत नाही आणि झटके बसतात. मोठे गेम एसएसडीवर, छोटे कार्डावर. नवीन कार्ड आल्या आल्या एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने पूर्ण लिहून-वाचून तपासा. बनावट कार्ड क्षमता मोठी दाखवतं, आणि खोटेपणा कळतो तो ते भरत आल्यावर.

आणि कधी यंत्र उघडायची वेळ आली, तर पहिला स्क्रू काढण्याआधी कार्ड बाहेर काढा. एका मित्राच्या डेकची एसएसडी बदलताना मी ते विसरलो. मागचं कवच उचललं आणि आत राहिलेल्या कार्डाचे दोन तुकडे झाले. त्यात त्याचे दोन वर्षांचे सेव्ह होते, आणि त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही म्हणून ते अजून जास्त लागतं. तेव्हापासून मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कार्ड टेबलावर ठेवतो. बॅटरीचा चार्ज आधी खाली येऊ द्या, बायोसमध्ये बॅटरी स्टोरेज मोड असेल तर तो लावा, आणि स्क्रू निघाले त्या क्रमाने कागदावर मांडा; लांब-आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर कवच फुटतं.

शेवटी माझा आवडता विषय, ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही: जायरो. तुमच्या यंत्रात तो बहुधा आहे आणि बहुधा बंद आहे. अंगठ्याच्या छोट्या काडीने नेम धरणं अवघड जातं, म्हणून लोक नेमबाजीचे गेम हँडहेल्डवर टाळतात. स्टीम इनपुटमध्ये (स्टीममधली बटणं-काड्या लावायची सोय) जायरोला माउससारखं लावा. काडीने मोठं वळायचं आणि यंत्र मनगटातून किंचित फिरवून नेम बसवायचा. तो सतत चालू ठेवू नका. नेम धरायचं बटण दाबलेलं असतानाच चालू राहील असं लावा, नाहीतर बसल्या जागी हललात तरी चित्र हलतं. डेकच्या काड्यांना स्पर्श कळतो, तिथे अंगठा काडीवर टेकताच जायरो सुरू करता येतो. पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. संवेदनशीलता कमी ठेवून सुरू करा आणि रोज थोडी वाढवा. आठवडाभराने काडीने नेम धरायला परत जावंसं वाटत नाही.

मागच्या बटणांवर उडी आणि चुकवणं ठेवा, म्हणजे ती दाबताना उजवा अंगठा काडीवरून उचलावा लागत नाही. काडी आपोआप सरकते असं वाटलं तर लगेच सुटे भाग शोधायला जाऊ नका. आधी कॅलिब्रेशन करा, मग डेडझोन (काडीची जेवढी हालचाल दुर्लक्षित राहते तो भाग) एक-दोन टक्क्यांनी वाढवा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आणि घरी ताकदीचा पीसी असेल तर सगळ्यात जड गेम हँडहेल्डवर चालवायचा हट्टच सोडा. गेम पीसीवर चालवा आणि चित्र हँडहेल्डवर पाठवा: पीसीवर सनशाइन हा प्रोग्रॅम, हँडहेल्डवर मूनलाइट, आणि पीसी राउटरला वायरने जोडलेला. हँडहेल्ड पाच गिगाहर्ट्झ वायफायवर ठेवा. मग चिपला फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो, पंखा जवळजवळ ऐकू येत नाही, आणि तुमचा तोच ओपन-वर्ल्ड गेम सगळ्या सावल्यांसकट बॅटरीवर तीन तास चालतो.